तुसाची उशी

दुपारी दीडला डबा भरते.
जिन्नाप्पांची पाळी तीन ते अकरा,
पण जेवण दिवस मावळायच्या आत,
म्हणजे साडेपाचला,
म्हणजे चार तासांनी.

त्या चार तासांत आमटीचं काय होतं
मला कधी कळलं नाही.
बारा वर्षं शिरोलीच्या फौंड्रीतनं
डबा धुऊन परत येतोय,
रिकामा आणि गप्प, त्यांच्यासारखाच.

मग एका सुट्टीच्या दिवशी
कोनाड्यात विसरलेली वाटी साडेपाचला तोंडाला लावली.
तेलाचा पापुद्रा ओठाला चिकटला.
म्हटलं, हे जेवतात व्हय रोज?

दूध संस्थेत माप मीच घेते.
तिथलं थर्मामीटर पदराखाली घालून आणलं.
तसलाच दुसरा डबा, तीच आमटी,
पंच्याऐंशीवर झाकण लावायचं
आणि सहाच्या दुधाआधी उघडायचं.
आकडे म्हशींच्या वहीत, मागल्या पानावर.

नुसता डबा : चौतीस.
चांदीचा कागद : छत्तीस.
(नणंदेनं इचलकरंजीहून आणलेला, लई कौतुकानं.
भाकरी गुंडाळली त्यात, तर घाम फुटून
पाठीला चिकटली नुसती. कुठंच जाऊ देत नाही बिचारीला.)
कालचा पेपर, चार पदरी : एकेचाळीस.
भाकरीवर उलट्या अक्षरांत उसाचा दर.
जुना टॉवेल : सेहेचाळीस.
पट्टणकोडोलीच्या जत्रेतलं घोंगडं,
उंदरानं कुरतडलेला तेवढा तुकडा : त्रेपन्न,
पण आमटीला मेंढराचा वास,
सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

एक गोष्ट ध्यानात आली.
घोंगडं स्वतः ऊब देत नाही.
थंड डबा त्यात ठेवून बघितला, थंडच राहिला.
ते फक्त आडवं पडतं, दारात झोपलेल्या कुत्र्यासारखं.
आणि घट्ट आवळलं की आकडा खाली येतो,
सैल ठेवलं की चढतो.
मधे काय असतं? काहीच नाही. वारा.
तो अडकून बसला की झालं.

रात्री त्यांना वही दाखवली.
हसतील वाटलं.
ते बोट लावून एकेक ओळ वाचत गेले,
आणि बारा वर्षांत पहिल्यांदा
भट्टीबद्दल बोलले.
लोखंड चौदाशेला वितळतं, म्हणाले,
लाडलमध्ये घेतलं की वरनं थंड व्हायला लागतं.
मग आम्ही त्यावर भाताच्या तुसाची राख टाकतो.
काळी, हलकी, फुंकर मारली तर उडंल.
तेवढी राख ते लोखंड धरून ठेवते.

मी म्हटलं, एवढ्या आगीशेजारी उभं राहून
तुम्ही गार आमटी खाता?
म्हणाले, एकदा लाडलच्या काठावर भाकरी ठेवली होती.
दोन दिवस तोंडात वाळूच वाळू.

दुसऱ्या दिवशी लुनाच्या पुढं
गिरणीतल्या तुसाचं पोतं.
माझ्या लग्नातल्या विटक्या लुगड्याची उशी शिवली,
मधे डब्याएवढी खोल जागा.
साठ.
वहीत साठाखाली दोन रेघा मारल्या.

ते काय म्हणाले?
‘गरम हुतं.’
एवढंच. पण डबा धुतलेला नव्हता,
तळाला बोटानं पुसल्याच्या खुणा होत्या.

गेल्या गुरुवारी भट्टीचं अस्तर फुटलं.
सगळे पळापळीत,
कुणी वर बघितलं नाही, दिवस मावळून गेला.
ते पावणेबाराला आले, भुवया करपलेल्या,
उशी काखेत, झाकण तसंच.
मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत,
पायरीवर बसून राहिले.

मी डबा उघडला.
सकाळी म्हशीलाच घालायची आमटी ती,
तरी थर्मामीटर बुडवलं.
सदतीस.
त्यांच्या कपाळाला हात लावला, तेही तेवढंच.

वहीत लिहून ठेवलं :
तूस. दहा तास. सदतीस. न उघडलेला.
पुढं काय लिहावं सुचेना,
म्हणून तारीख घातली.