ग्राह्य

एकतीस वर्षं मी या शहराचं पाणी चाखलं.
रजिस्टरात रकाने दोन. वास. चव.
दोन्हींत बहुधा एकच शब्द : ग्राह्य.
कधी जुन्या लायनीचा गंज उतरलेला नमुना यायचा,
तेव्हा अग्राह्य.
तिसरा शब्द त्या छापील कागदावर नव्हता,
आणि मला लागलाही नाही.

आज बेलापूरला, सेक्टर आठमध्ये,
घोन्साल्विसांच्या जेवणाच्या टेबलावर
चार बाटल्या उभ्या आहेत, मुलाच्या फुटबॉलच्या मोज्यांत.
निळा, पिवळा, पट्ट्यांचा,
आणि एक टाचेला फाटलेला.
भोकातून लेबल दिसतं. तिकडे बघायचं नाही, असं ठरलंय.
विन्सेंट म्हणतो, चारही पांढऱ्या, चार मुलुखांच्या.
तुम्ही तर यातल्या जाणकार, मॅडम, करा सुरुवात.

मी आधी रिकाम्या ग्लासाचा वास घेते.
भांड्यांच्या साबणातलं लिंबू.
उठून सगळे ग्लास विसळून आणते.
तांडेल हसतो, प्यायला आलोय की सॅम्पल काढायला?
मग कागदापुढे धरते. पांढरी कसली?
वाळल्या गवताच्या रंगाची.
आमच्याकडे रंगातच नापास झाली असती.

निळा मोजा.
जीभ दोन्ही कडांनी आक्रसते.
कैरी, मीठ न लावता.
मागोमाग टोमॅटोचं पान चुरगळल्यावर
बोटांना राहतो तो हिरवा, उग्र वास.
शर्वाणी लगेच लिहिते : न्यूझीलंड.

पिवळा गोडसर. पेरू,
पिशवीत दोन दिवस विसरलेला.
तांडेल टेबलावर थाप मारतो,
ही आपली! दिंडोरीची! डोळे मिटून सांगतो!
डोळे त्याचे उघडेच असतात.

पट्ट्यांचा मोजा नाकाशी नेला आणि माझा हात थांबला.
रॉकेल.
मी ग्लास खाली ठेवला. कुणी पिऊ नका, म्हणाले,
अगदी ऑफिसच्या आवाजात.
विन्सेंट खुशीत आला.
बरोबर! जर्मनीची, जुनी झाली की असाच वास येतो.
लोक त्याचेच जास्त पैसे मोजतात.

सत्त्याण्णव साली अशाच वासावर
मी एका अख्ख्या सेक्टरचं पाणी तोडलं होतं.
दीड दिवस. बायका हंडे घेऊन
लॅबच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या.
मी पुन्हा ग्लास उचलला.
रॉकेलच्या मागे मोसंबीची साल होती,
आणि त्याही मागे मध, फार लांबून.
कुठलाच रकाना आठवेना.

फाटक्या मोज्यात आधी काहीच नव्हतं.
मग गिळल्यावर, उशिरा,
पाटा धुतल्यावर त्याच्या टाक्यांत साचून राहतं
ते पाणी.
काळा दगड, म्हणाले मी.
तांडेल म्हणाला, म्हणजे फ्रान्स.

मोरबे धरणावर एकदा, पंपहाऊसच्या वरच्या अंगाला,
शिपाई घरत म्हणाला होता, मॅडम, क्लोरीनच्या आधीचं बघा की.
मी ओंजळीने प्याले होते.
चप्पल चिखलात रुतलेली, उन्हं कलती,
आणि तोंडात ही अशीच काळ्या दगडाची गार चव.
ऑफिसात येऊन लिहिलं : ग्राह्य.
घरतने वाचलं, काही बोलला नाही.
पुढच्या वर्षी तो गेला.

मोजे निघाले.
पेरू दक्षिण आफ्रिकेचा होता.
फाटक्यातली कसारा घाट उतरून आलेली,
चौघींत सगळ्यात स्वस्त.
तांडेलने बाटली फिरवून फिरवून वाचली,
मग म्हणाला, मोजेच बदलले असतील कुणीतरी.
वीसपैकी गुण द्यायचे होते.
माझा कागद कोराच होता.
विन्सेंटने तो घडी करून बशीखाली सारला
आणि उरलेली काळ्या दगडाची, न विचारता, माझ्या ग्लासात ओतली.

रात्री घरी आले, अंधारातच नळ सोडला,
घोटभर पाणी तोंडात धरून उभी राहिले.
समोर पारसिकच्या टेकडीवर दिवे.
क्लोरीन आज जरा जास्त आहे.
सकाळी लॅबला फोन करायला हवा.