नाव काढणे

संत ब्रेंडन विद्यापीठात, प्रार्थनाघराकडे जाणाऱ्या बोळात,
दीड पुरुष उंचीचा ओकचा फळा आहे.
वर 'नामवंत माजी विद्यार्थी',
खाली, जरा लहान अक्षरांत, 'अध्यापक'.
पहिल्या चार रांगा कुणा स्कॉटिश सुताराच्या,
मग माझ्या वडिलांच्या,
आणि न्यायमूर्ती ह्यू मॅकइसाकपासून पुढे माझ्या.

एरवी मी होड्यांवर नावं घालतो.
होडीवरचं नाव खारं वारं खातं,
तीन हिवाळ्यांत परत बोलावणं येतं.
फळ्यावरचं एकदाच.
सोन्याचा वर्ख, खारीच्या केसांचा कुंचला,
आणि श्वास धरून ठेवायचा, शिंकलात की गेला.

पैसे अक्षरामागे.
म्हणून मला इथली थोरवी मोजून ठाऊक आहे.
बिशप लॉकलन बीटन महाग पडले.
ज्यूड ओक्वँ, हॉकीपटू, स्वस्तात:
त्यानं विद्यापीठाला एक चषक दिला, बर्फाला चार दात.
सिस्टर ओडील सॅमसन चाळीस वर्षं
दलदलीत गुडघाभर उभी राहून शेवाळ मोजत होती;
एका शेवाळाला तिचं नाव मिळालं तेव्हा कुठे
फळ्याला तिची आठवण झाली.
तिच्या बिलातली दोन अक्षरं मी सोडली.

फेब्रुवारीत कुलसचिव बाईंचं पत्र आलं.
'अध्यापक, ओळ एकोणीस. काढावी.'
कारण दिलं नव्हतं.
कारण तोवर हॅलिफॅक्सच्या पेपरांत तीन दिवस येत होतं.
ते लॅटिन शिकवायचे, आणि मुलांचा गायकवृंद त्यांच्याकडे होता.

माझा भाऊ फिनली दोन वर्षं त्या वृंदात होता.
बस सुटताना आई त्याला म्हणाली होती,
नाव काढ रे बाबा, घरात एकानं तरी.
दुसऱ्या वर्षी ईस्टरला तो घरी आला
तो परत गेलाच नाही.
चुलत्याच्या होडीवर लॉबस्टरचे पिंजरे ओढू लागला.
घरात कुणी शिट्टी वाजवली तरी उठून बाहेर जायचा.
आम्ही त्याला आळशी म्हणालो.
मीही म्हणालो.

काढायला दोन दिवस लागले.
पात्यानं वर्ख निघतो, नाव निघत नाही:
साठ वर्षं सोन्याखाली झाकलेलं लाकूड
कोवळं राहिलेलं असतं, भोवतालचं काळवंडतं.
खरवडलं तसं ते आणखीच ठळक झालं.
बोळातून जाणारी दोन पोरं थांबून वाचू लागली.
मग कडक चहा, काजळी, जवसाचं तेल,
बोटानं, एकेक अक्षर मळवत बसलो.
आयुष्यभर उजळ करायला शिकलेला हात
मळवताना अवघडतो.
अजूनही चारच्या सुमाराला, ऊन तिरकं आलं की,
ठाऊक असलेल्याला दिसतंच.

पुसण्याचा दर माझ्याकडे नव्हता.
बिलावर शून्य लिहून पाठवलं.
बाईंचा फोन आला, काही चूक झाली आहे का?
मी म्हटलं, हो.
त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या,
पावती तरी लागेल.

मे महिन्यात फिनलीची होडी रंगाला आली.
थर्मास मांडीवर घेऊन तो पिंपावर बसला.
ऐकलं, तू काढलंस.
हो.
सोनं कुठे गेलं?
मी जॅमची बरणी दाखवली:
तळाशी चिमूटभर भुकटी, निम्मं वॉर्निश,
सोनाराच्या दारातही कुणी उभं करणार नाही अशी.
त्यानं ती धक्क्यावरून पालथी केली.
वारा समुद्राकडून होता.
निम्मी त्याच्याच बाहीवर येऊन बसली,
आणि त्यानं ती झटकली नाही, की त्याला दिसलीच नाही,
मला ठरवता आलं नाही.

होडीच्या नाळेपाशी मी खडूनं रेघ मारली.
तो मागे येऊन उभा राहिला, चहाचा वास आला.
पहिलं अक्षर, म्हणाला,
जरा मोठं काढ.