एकाचा नऊ

युनिव्हर्सिटीचा परीक्षा विभाग, खिडकी नंबर चार.
एकतीस वर्षं मी गुणपत्रकं पाकिटात घातली.
टेबलावर पाटी होती: सौ. रणदिवे.
खिडकीबाहेरचे सगळे म्हणत रणदिवेबेन,
आणि संध्याकाळी दांडिया बाजारात घरी पोचेपर्यंत
मलाही तेच खरं नाव वाटायचं.

जग मला तिकिटांच्या किमतीवरून पाठ.
जपानला किती, कॅनडाला किती,
हॉलंडला रजिस्टर केलं तर वर किती.
मन्सूरींचा इरफान गाठींचं गणित घेऊन गेला;
दोन गाठी मुळात एकच आहेत का, हे त्यानं
माझ्या पर्सच्या तुटक्या बंदावर समजावलं.
समजलं नाही. बंद मात्र दुरुस्त झाला.
नारण राठवा छोटा उदेपूरहून एस.टी.नं यायचा.
स्वतःच्या आजीच्या बोलीतली क्रियापदं मोजायला
त्याला लाइपझिगला जावं लागलं.

फॉर्मात विचारलेलं असे:
परत येण्यास भाग पाडतील असे आपले कोणते बंध आहेत?
मुलं खिडकीत वाकून म्हणायची, बेन, काय लिहू?
मी सांगायची, घरपट्टीची पावती जोड.
गुप्त्यांच्या एकानं लिहिलं,
विश्वामित्रीत मगरी आहेत,
त्या अजून मोजून झालेल्या नाहीत.
त्याला व्हिसा मिळाला.
आला परत. अजून मोजतोय.

मेधाविनी शितोळे. पुरातत्त्व.
जुन्या खापरांवर राहून गेलेले बोटांचे ठसे बघून
ती सांगायची: ही बाईनं केलेली घागर,
ही पोरानं, ही एका डावखुऱ्यानं.
तिचं पाकीट मी डिसेंबरात बंद केलं.
त्या दिवशी सत्तर पाकिटं,
सकाळपासून गुजराती फायली,
मेणबत्ती बुडाशी आलेली.
लाख ओघळली, पितळी शिक्का सरकला, अंगठा पोळला.
पत्ताही माझ्याच हातचा. घर नंबर एकवीस.
दोन नीट इंग्रजी आला.
एकाला मात्र हातानं सवयीनं
डोकं काढलं, आणि शेपटी.

जर्मनीतल्या पोस्टमननं तो नऊ वाचला.
त्याचं काय चुकलं?

अकरा महिन्यांनी पाकीट परत आलं,
कडेनं मळलेलं, लाख जशीच्या तशी.
तोवर तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली होती.
कागद पोचले नाहीत, एवढंच तिला कळलेलं.
पोस्टावर खापर फुटलं.
मी फुटू दिलं.

खणात, डब्याच्या फडक्याखाली ते राहिलं.
ती डभोईच्या शाळेत शिकवायला लागली,
मग आमच्याच युनिव्हर्सिटीत आली,
आणि चाळिशी उलटल्यावर तीन महिने जाऊन आली तिकडे.
तेव्हा सगळं कॉम्प्युटरवरून गेलं.
माझ्या खिडकीशी कुणाचं काम उरलं नव्हतं,
तरी ती जाताना सांगायला थांबली होती.
तेव्हाही मी बोलले नाही.

रिटायर व्हायच्या दिवशी खण रिकामा केला
आणि पाकीट घेऊन तिच्या खोलीत गेले.
टेबलावर खापरं, वाळूचा ट्रे, भिंग.
ठरवलेलं सगळं विसरले. म्हणाले,
"हा एक आहे. नऊ नाही."

ती पत्त्याकडे बघत राहिली.
कामाटीबागेतल्या छोट्या गाडीनं शिट्टी दिली,
पुन्हा एकदा दिली.
मग तिनं पाकीट उलटं केलं,
लाखेच्या कडेवर भिंग धरलं.
"उजवा अंगठा," ती म्हणाली. "घाईत होतात.
भाजलं होतं?"
"थोडं."

फोडलं नाही तिनं.
रागावलीही नाही, निदान माझ्यासमोर.
पेन्सिल घेतली, कोपऱ्यात बारीक आकडा टाकला,
खापरांवर टाकतात तसा,
आणि पाकीट ट्रेमध्ये ठेवलं.

मी वाकून पाहिलं.
तिचा एक सरळ होता. काठीसारखा.