जादा शब्दाला एक आणा

रविवार होता. ठाण्याच्या तारऑफिसात मी एकटा,
आणि साउंडरमागे खोचलेला तंबाखूचा रिकामा डबा,
आवाज जरा मोठा यावा म्हणून.
नव्याचा सण अकरा दिवसांवर आलेला,
घरी हन्नाने तांदूळ निवडायला काढलेले.

डबा बोलू लागला.
हात लिहीत गेला. हाताला अर्थ कळत नसतो,
तो कळतो पेन्सिल खाली ठेवल्यावर.
हिंदुस्थान लढाईत आहे.
जाणार नव्हे, जावे काय नव्हे.
आहे.
जसा घरात कुणाला ताप असतो, तसं.

मग आठवडाभर स्टेशनमास्तरांची शिळी वर्तमानपत्रं.
कॅनडाने म्हणे आठवडा घेतला, स्वतःचं स्वतः ठरवायला.
दक्षिण आफ्रिकेत मतं मोजली,
ऐंशी इकडे, सदुसष्ट तिकडे.
आयर्लंड नाही म्हणालं
आणि आभाळ होतं तिथेच राहिलं.
वेगळी चूल मांडलेल्या भावांकडे निरोप गेले होते.
आम्ही थोरल्या चुलीतले,
म्हणजे लाकडं.

सल्लामसलत.
केवढा भरदार शब्द! तारेत मात्र एकच मोजायचा,
जादा असला तर एक आणा,
लढाईला पडतो तेवढाच.

पुढे एका सकाळी माझ्याच हाताने कागद उतरला:
खाडीतल्या होड्या मोजा, नंबर घाला,
लागतील त्या ताब्यात घ्या.
मामलेदार चेंदणी कोळीवाड्यात उतरले. मागे मी, कागद धरून.
ओहोटी होती, बूट रुतत होते.
चांगो पाटील म्हणाला, "जरा थांबा, साहेब.
अर्धा मचवा धर्मीचा हाय. तिला ईचारू दे."
"त्या विधवेला?"
"तिलाच."
मामलेदारांनी घड्याळ पाहिलं.
सगळा कोळीवाडा चिखलात उभा राहिला, पोरंसुद्धा,
कुणी बसलं नाही.

ती जांभळी नाक्यावरनं आली, पाटी उतरवली,
हात धुतले, कोपरापर्यंत,
मग ऐकून घेतलं. सगळं.
आणि एकच विचारलं,
"परत कवा देनार?"

फॉर्मात रकाने होते: लांबी, रुंदी,
शीड आहे वा नाही, मालकाचं नाव, अंगठा.
तो रकाना नव्हता.
मचवा गेला.
विचारलं नसतं तरी गेला असता, परत येताना मामलेदार म्हणाले,
उगाच दोन तास गेले.
मी हो म्हणालो. सरकारी नोकर मी.

महिन्याभराने ती खिडकीशी आली.
पदराची गाठ सोडून दोन आणे ठेवले,
ओले, खवल्यांचे.
"दोन शबुद धाड. परत कवा."
"कुणाला?"
"कागूद तूच आनलास ना? जिथनं आला तिथं."

खिडकीतून मला कोपरीचा खांब दिसत होता,
त्यापुढचा खांब, त्यापुढे नुसतीच तार.
तिच्या टोकाला, समुद्रापलीकडे, एक लांबलचक टेबल असणार,
खुर्च्यांवर देशांची नावं. माझी कल्पना, मी काय पाहिलंय.
मी फॉर्म ओढला. लिहिलं: परत कधी.
पत्त्याच्या ओळीवर पेन्सिल टेकवली.
उचलली.
कमीत कमी दर किती, ते मी तिला बोललो नाही.
शिक्का मारला, ठाणे,
आणि ती म्हणाली, "पावती."
पावती दिली.

तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे.

वर्षअखेरीला हिशेबात दोन आणे जास्त निघाले.
वरून लेखी विचारणा आली, तीन प्रतींत:
ही रक्कम कुठली, कोणाची, खुलासा करावा.
बावीस वर्षांच्या नोकरीत
वरून आम्हाला विचारलेलं
तेवढंच.