ड्राय डे

मतदानाच्या दिवशी बिअर मिळत नाही
हे चौघांपैकी एकाच्याही लक्षात नव्हतं,
आणि चौघांची वयं मिळून दोनशे एकतीस.

बाहेर लोअर परळ तव्यावर ठेवलेलं.
उड्डाणपुलाखालचं कुत्रंसुद्धा सावलीबरोबर
इंच इंच सरकणारं.
गॉडफ्री डोक्यावर ओला रुमाल घेऊन आला,
दारातल्या एसीखाली उभा राहिला
इस्त्री फिरलेल्या शर्टासारखा, वाफ सोडत.

वेटर पोरगा अदबीनं म्हणाला,
जेवण सगळं आहे सर, बिअर सहानंतर.
त्याच्या पाठीमागे काच, काचेमागे स्टीलच्या टाक्या,
पोटं पुढे काढून उभ्या,
पंगत उशिरा बसलेल्या लग्नातल्या व्याह्यांसारख्या.

"म्हणजे आहे, पण नाही," हेरंब म्हणाला.
वकील आहे तो. अशा वाक्यांवर त्याचं घर चालतं.
मग त्यानं मेनूवर बोट ठेवलं :
कांद्याच्या रिंगा, बिअरमध्ये भिजवलेल्या पिठात.
हे आज कायद्यात बसतं का?
पोरगा आत विचारायला गेला, खरंच गेला,
आणि निरोप घेऊन आला,
तळल्यावर उडून जाते, मॅनेजर म्हणतात.
नलूला हसता हसता ठसका लागला.

चार लाइम सोडा. तीन खारे, माझा गोड.
बी.एस्सी.ला एकाच बेंचवर होतो आम्ही,
एकाच बर्नरवर चहा उकळलाय बीकरमध्ये.
तेव्हापासून टेबल मिळालं की
हात पसरायची सवय.
बोटं पुढे आली. नलूची शाई नखाखाली गेलेली,
दातांची डॉक्टर, आता आठवडाभर पेशंट विचारणार.
माझी पुसट रेघ. हेरंबचा ठिपका.
गॉडफ्रीचं बोट कोरं.

"लिंबानं घासलंस?" मी म्हटलं.
"नाव नाही," तो म्हणाला, रिंग मोडत.
"तीच शाळा, कलिन्याची. चौतीस वर्षं तिथेच जातो.
तिन्ही खोल्या फिरलो. बाहेरच्या टेबलावरच्या पोरानं
यादी वरून खाली दोनदा वाचली.
आयव्ही आहे."

कुणीतरी सोड्याचा ग्लास ठेवला, आवाज न करता.

"सहाशे बारा नंबर. फोटो पण आहे,
तो निळ्या ड्रेसमधला, तिला न आवडणारा.
पोरगा म्हणाला, अंकल, मॅडमना आणलं नाही?"

"मग?"

"म्हटलं, ऊन फार आहे."

येत्या डिसेंबरात दोन वर्षं होतील.
चर्चमागे आम्ही तिघंही होतो, मी मूठभर माती टाकली होती,
ती नखांत राहिली होती घरी येईपर्यंत.
हेरंब म्हणाला, सहा नंबरचा फॉर्म असतो, मी भरून,
आणि थांबला.
नलूनं रिंगांची बशी गॉडफ्रीकडे ढकलली.
त्यानं एक घेतली. चटणीत बुडवली. खाल्ली.

काचेपलीकडे गमबूट घातलेली एक मुलगी
वहीत तापमान उतरवत होती.
तिसऱ्या टाकीतून एक नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली,
बादलीत बुडबुडे :
एक,
मग बराच वेळ काही नाही,
मग दोन लागोपाठ.
आमचं यीस्ट. त्याचं चित्र काढून मार्क मिळवले होते आम्ही.
त्याला कुणी कळवलं नव्हतं
आज काय बंद आहे, कोण यादीत आहे.

बिल आलं. कुणी हात लावला नाही.
बाहेर रस्ता पांढरा, डोळ्यांत जाणारा.
चार वाजून दहा.
"अजून एक राउंड लिंबाचा," गॉडफ्री पोराला म्हणाला,
आणि आपली खुर्ची
बादली नीट दिसेल अशी
थोडी वळवून घेतली.