मध्यम

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते तेव्हा
टॅबलेटवर चौथं पान उघडलेलं असतं.
प्रकल्प: खाजन-बांधांची दुरुस्ती, चोडण.
निधी: एका परदेशी बँकेचा, जिची इमारत
मी फक्त लेटरहेडवर पाहिलीय.
बांधाचं आयुष्य: तीस वर्षं.
हवामानाचा धोका: इथे बाण दाबला की
तीन शब्द खाली घरंगळतात,
कमी, मध्यम, जास्त.
चौथा टाईप होत नाही, मी करून पाहिलाय.

हत्यार वाईट नाही, उगाच नावं ठेवणार नाही.
दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय, गार सँडविचसकट.
अक्षांश-रेखांश दिले की ते वरून
एक चौकोन कापून आणतं,
पंचवीस किलोमीटर लांब, तेवढाच रुंद,
आणि त्यात येईल ते सगळं ढवळून
एक आकडा काढतं.
आमच्या चौकोनात थोडा समुद्र आला,
पणजीच्या गच्च्या आल्या, पर्वरीचं पठार आलं,
डिचोलीकडचे खाणींचे ढिगारेही आले,
आणि भरतीच्या पाण्याखाली निजणारं हे शेत
सरासरीने चाळीस मीटर उंच झालं.

डोंगरावर नेऊन ठेवलेलं शेत बुडेल कशाला?
पिवळा रंग. मध्यम.

इनास मानशीपाशी उभा, गुडघाभर चिखलात.
मानस म्हणजे इथे मन नव्हे;
लाकडी दारं, पाण्याच्या तोंडाला बसवलेली.
भरतीला आपसूक मिटतात,
ओहोटीला आपसूक उघडतात,
तरी रात्री-अपरात्री उठून बघणारा एक माणूस लागतो.
तीन पिढ्या तो यांच्याच घरातला.

प्रश्न क्रमांक अकरा:
पाण्याच्या पातळीची जुनी नोंद उपलब्ध आहे का?
त्याने हात चड्डीला पुसला
आणि दाराशेजारच्या मट्टीच्या खांबाकडे बोट केलं.
कोयतीच्या खाचा. वर्षाला एक,
त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या उधाणाची.
आधी बाप मारायचा, मग हा.
खालच्या एकमेकींना चिकटून, मध्ये नख शिरणार नाही.
वर येता येता त्यांच्यात फट पडत गेलेली.
शेवटच्या दोन तर खांबावर नाहीतच.
खांब संपला,
म्हणून त्याने वर फळीचा तुकडा ठोकलाय.
खिळे आत्ता कुठे गंजायला लागलेत.

मी टेप लावला, दुसरं टोक त्याने धरलं.
आकडे उतरवले, मिलिमीटरपर्यंत.
रकान्यात भरले तर लाल अक्षरं:
स्रोत मान्यताप्राप्त नाही.

"किती टिकणार म्हणता हा नवा बांध?"
"तीस वर्षं."
तो बोटांच्या पेरांवर पुटपुटला.
"वर्षाला उधाणं चोवीस. म्हणजे सातशे वीस."
खेकड्याच्या बिळात काठी घालून पाहिली, बाहेर काढली.
"त्यातलं एक पुरे."

पलीकडे जयवंती बांधावरून उतरली,
शेतातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली.
"अजून खारट. कोरगुट आत्ता नाही पेरायचं."
प्रश्न सतरा: मातीची क्षारता कोणत्या प्रयोगशाळेत तपासली?
मी तो रिकामा सोडला.
मग परत मागे येऊन तिचं नाव लिहिलं,
आडनाव विचारायला पुन्हा बांध उतरावा लागला.

शेरा नावाचा एक डबा असतो शेवटी,
अडीचशे अक्षरांचा,
यंत्राशी तुमचं पटत नसेल तर कारण द्या म्हणून.
मी पुष्कळ लिहिलं, पुष्कळ पुसलं.
उरलं: खांब संपला आहे.

परतीच्या फेरीत पाठवलं.
गोल फिरत राहिलं, नेटवर्क नव्हतं,
एक स्कूटरवाला पावाची टोपली सांभाळत
माझ्या पडद्यात डोकावत होता.
पिवळा पिवळाच.

रायबंदरला उतरले तेव्हा पाणी
धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं.
सकाळी कितव्या पायरीवर होतं,
ते मी पाहिलंच नव्हतं.