चतुर्थीची गोळी

दर अठ्ठाविसाव्या दिवशी टिपणीसकाका
डांडिया बाजारातून शेअर रिक्षाने येतात,
डबी माझ्या टेबलावर उपडी करतात,
आधी स्वतः मोजतात, मग मला मोजू देतात.
वजन-मापं खात्यात पस्तीस वर्षं.
मांडवीतल्या अर्ध्याअधिक काट्यांवर यांच्या हातचा शिक्का.
"तीस दिल्यात, अठ्ठावीस खाल्ल्या, उरल्या दोन. लिहा, बेन."

मी लिहिते.

एक गोळी हृदयाची. रक्त पातळ ठेवते
आणि जाता जाता पोट कुरतडते.
दुसरी पोट सांभाळायला,
किंवा नुसती भुकटी: तोच आकार, तोच फिका पिवळा रंग.
कुणाच्या डबीत काय, हे काकांना माहीत नाही,
डॉक्टर अमीनना नाही, मला नाही.
माहीत आहे ते एका कपाटाला, दुसऱ्या शहरातल्या.

पहिल्याच दिवशी हे सगळं मी सांगितलं होतं.
संमतीपत्र गुजरातीत होतं, हिंदीत होतं, इंग्रजीत होतं;
मराठी माझ्या तोंडची, तिच्यावर सही कुठे करणार.
प्लासिबोला शब्द सापडेना. म्हटलं, पोकळ गोळी.
काका हसले. "म्हणजे खोटं वजन.
बाहेरून किलो, आतून पोखरलेलं.
असली वजनं मी जप्त करायचो, बेन,
तुम्ही मुद्दाम ठेवता?"
"खऱ्याचं वजन कळावं म्हणून," मी म्हटलं.
त्यांनी सही केली. तारीख घातली. न सांगता वेळही घातली.

सहाव्या महिन्यात मीच विचारलं:
कधीच कसे चुकत नाही तुम्ही?
लोक विसरतात, लग्नाला सुरतेला जातात,
गोळ्या मोरीत ओतून देवाची शपथ घेतात.
काका पंख्याकडे बघत राहिले.
"चतुर्थीची मी घेत नाही.
नाश्त्याआधी घ्यायची ना ती?
नाश्ताच नाही, तर कशाच्या आधी घेऊ?
शरयूला देतो. तिलाही जळजळतं.
टाकून कशी देणार? हिशेब तर बरोबर राहिला?"

शरयूकाकू बाहेर बाकावर,
मांडीवर पिशवी, पिशवीत लीला चिवडा,
दोघांनाही वर्ज्य.
त्यांना क्रमांक नाही, त्यांची संमती नाही.
चतुर्थीचा रकाना शोधला, तोही नव्हता.
'नियमभंग' या शब्दाखाली लिहिलं:
महिन्याला एक मात्रा, पत्नीने.

अकराव्या महिन्यात काका पहाटे न्हाणीघरात कोसळले.
डांबरासारखी काळी शी. तीन बाटल्या रक्त.
चोवीस तासांत कळवायचं असतं,
मी एकोणिसाव्या तासाला कळवलं.
काकूंनी काचेच्या दाराशी माझी बाही धरली.
"अकरा झाल्या माझ्या. मी मोजल्यात.
त्या अकरा ह्यांच्या पोटात असत्या तर?"
तसं काही नसतं, मी म्हटलं.
"कशावरून?"

कशावरून. कपाट बंद होतं.

काका वाचले. हृदय तगलं, जखम भरली,
दोन किलोंनी घटले, ते त्यांनी स्वतःच सांगितलं.
दीड वर्षाने कपाट उघडलं.
मी यादीवरून बोट सरकवत गेले,
शून्य चार सात.
पोकळ.

त्या संध्याकाळी सुरसागराच्या कठड्याकडेने चालत
मी एक वाक्य जुळवत होते:
काकू, तुम्ही त्यांच्या वाटचं काही खाल्लं नाहीत.
आणि तेच वाक्य दर वळणावर उलटं होत होतं:
काका, आम्ही तुम्हाला काही दिलंच नव्हतं.

दोन्ही सांगितली.
काका म्हणाले, "खोटं वजन माझ्याच पारड्यात आलं म्हणायचं,"
आणि चष्मा पुसत बसले, बराच वेळ.
रागावले की नाही, मला अजून कळलेलं नाही.
काकूंनी माझ्यापुढची चिवड्याची बशी
जराशी सरळ केली.
"पण माझी जळजळ थांबायची हो.
चतुर्थीला. दुसऱ्या दिवशी परत सुरू."

मी वही नेली नव्हती.